रसमंजरीची चित्ररूपे : दरबारी चित्रशैलींच्या प्रादेशिकतेचा प्रश्न

भारतीय दरबारी लघुचित्रांचा परिचय साहित्याच्या अभ्यासकाला बहुधा नावांच्या एका यादीतून होतो. मेवाड, बुंदी, बिकानेर, किशनगढ, माळवा, बसोहली, गुलेर, कांग्रा, विजापूर, गोवळकोंडे अशी ही यादी असते आणि तिच्यातील प्रत्येक नाव एका स्थळाचे व त्याबरोबरच एका शैलीचे असते. स्थळ आणि शैली ह्यांचे हे ऐक्य इतके गृहीत धरले गेले आहे की 'बसोहली शैली' असे म्हटल्यावर ती बसोहलीत जन्मली, बसोहलीत वाढली आणि बसोहलीच्या मातीचे गुण तिच्यात उतरले, असा समज आपोआप होतो. ह्या समजामुळे चित्रे ओळखण्याची सोय होते. परंतु ज्या ग्रंथांसाठी ती काढली गेली त्यांच्याशी असलेले त्यांचे नाते दृष्टिआड होते. ते नाते समजून घ्यावयाचे तर प्रथम 'प्रादेशिक शैली' ह्या संकल्पनेचीच तपासणी करावी लागते.

अशी तपासणी सर्व शैलींच्या सर्वेक्षणातून होणार नाही. त्यासाठी एकच ग्रंथ निवडून तो निरनिराळ्या दरबारांत कसा चित्रित झाला हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते; कारण संहिता स्थिर राहिली की बदलते काय हे स्पष्ट दिसू लागते. भानुदत्ताची 'रसमंजरी' हा त्या दृष्टीने अत्यंत सोयीचा ग्रंथ आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत तो पंजाबच्या पहाडी संस्थानांत एकाच चित्रकार-घराण्याने पुनःपुन्हा रंगविला आणि १६५० मध्ये तो मराठी मुलखातील औरंगाबादेतही चित्रांकित झाला. ह्या दोन टोकांमधील अंतरात प्रादेशिकतेचा प्रश्न नेमका कोठे उभा राहतो, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

१. ग्रंथाचे स्वरूप

'रसमंजरी' हा नायक-नायिकाभेदाचा संस्कृत ग्रंथ. त्यात लक्षण आणि उदाहरण अशी शास्त्रग्रंथाला साजेशी मांडणी आहे. नायिकेचे स्वीया, परकीया आणि सामान्या असे तीन मुख्य भेद, स्वीयेचे मुग्धा, मध्या, प्रगल्भा असे पोटभेद, परकीयेचे गुप्ता, विदग्धा इत्यादी प्रकार, अवस्थाभेदाने प्रोषितभर्तृका, खंडिता, कलहांतरिता, विप्रलब्धा, उत्का, वासकसज्जा, स्वाधीनपतिका आणि अभिसारिका अशा आठ नायिका, सखीची मंडन, उपालंभ, शिक्षा, परिहास ही कार्ये, दूतीचे व्यापार, आणि नायकाचे प्रकार असा तिचा विस्तार आहे. वर्गीकरण कोरडे वाटावे इतके बारीक आहे. परंतु प्रत्येक लक्षणाखाली येणारा उदाहरणश्लोक हा स्वतंत्र मुक्तक असतो आणि ग्रंथाचे आयुष्य मुख्यतः ह्या मुक्तकांवर उभे आहे.

ग्रंथाच्या अखेरीस भानुदत्ताने आपला पिता गणेश्वर आणि आपला देश विदेह ह्यांचा निर्देश केला आहे. म्हणजे कवी मिथिलेचा. तथापि एका उदाहरणश्लोकात 'निजाम' भूपतीचा उल्लेख येतो आणि त्यावरून काही अभ्यासकांनी कवीचा संबंध अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडला आहे. ही ओळख सर्वांना मान्य नाही. मात्र दक्षिणेत ह्या ग्रंथाची चर्चा गंभीरपणे होत होती ह्याला दुसरा आधार आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीच्या अखेरच्या काळात अकबरशाह ऊर्फ बडेसाहेब ह्यांच्या नावावर असलेल्या 'शृंगारमंजरी' ह्या ग्रंथात रसमंजरीच्या वर्गीकरणाची कसून चिकित्सा केलेली आढळते. मिथिलेचा कवी, दख्खनचे चिकित्सक आणि हिमालयाच्या पायथ्याचे चित्रकार अशी ह्या ग्रंथाची भ्रमंती आहे. जो ग्रंथ स्वतःच कोणत्याही एका प्रदेशाचा नाही, त्याच्या चित्रांना प्रदेशाचे नाव देताना म्हणूनच सावध राहावे लागते.

२. 'बसोहली' हे नाव कसे पडले

बसोहली हे रावी नदीच्या काठचे एक लहानसे संस्थान. आज ते जम्मू-काश्मीरच्या कठुआ जिल्ह्यात येते. त्याचे नाव चित्रकलेच्या इतिहासात येण्यापूर्वी ही चित्रे अभ्यासकांच्या हाती आलेली होती. आनंद कुमारस्वामी ह्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजपूत पेंटिंग' ह्या ग्रंथात राजपूत चित्रकलेचे राजस्थानी आणि पहाडी असे दोन भाग केले आणि पहाडी चित्रांची जम्मू व कांग्रा अशी पुन्हा विभागणी केली. टाकरी लिपीतील मजकूर असलेली, झगझगीत रंगांची रसमंजरीची पाने त्यांनी 'जम्मू' ह्या सदरात घातली. मोगल चित्रकलेहून राजपूत चित्रकला वेगळी आहे आणि तिचा पाया ब्रजभाषेतील काव्यात व वैष्णव भक्तीत आहे, ही त्यांची मांडणी त्या काळी क्रांतिकारक होती. साहित्य आणि चित्र ह्यांचा सांधा प्रथम त्यांनीच ठामपणे जोडला, हे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

पुढे पुरातत्त्व खात्याच्या १९१८-१९ च्या वार्षिक अहवालात लाहोरच्या संग्रहालयाने मिळविलेल्या चित्रांच्या संदर्भात 'बसोहली' हे नाव आले आणि १९२९ मध्ये अजित घोष ह्यांच्या लेखाने ते रूढ केले. देवीदास नावाच्या चित्रकाराने राजा किरपाल पाल ह्याच्यासाठी १६९४-९५ मध्ये रसमंजरीची एक मालिका पूर्ण केल्याचा पुष्पिकालेख उपलब्ध झाल्यावर बसोहलीचा दावा पक्का झाला. मागे कललेले कपाळ, कमळाच्या पाकळीसारखा मोठा डोळा, सपाट पिवळ्या किंवा लाल रंगाची पार्श्वभूमी, वरच्या कडेला आकाशाची अरुंद पट्टी, कोरीव खांबांचे मंडप आणि भोवती लाल किनार ही 'बसोहली शैली'ची लक्षणे म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. अलंकारांतील पाचूंच्या जागी चमकदार हिरव्या भुंगेऱ्यांच्या पंख-कवचाचे तुकडे चिकटविण्याची चालही ह्याच यादीत जाऊन बसली.

ह्यानंतरचे संशोधन बहुतांशी संस्थानवार झाले. कार्ल खंडालावाला ह्यांचा १९५८ चा पहाडी लघुचित्रांवरील ग्रंथ आणि डब्ल्यू. जी. आर्चर ह्यांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला पंजाबच्या पहाडी चित्रांवरील द्विखंडात्मक ग्रंथ ही ह्या परिश्रमाची मोठी उदाहरणे होत. आर्चर ह्यांनी प्रत्येक संस्थानासाठी स्वतंत्र प्रकरण योजले. तेथील राजांची व्यक्तिचित्रे हा आधार धरला आणि त्या व्यक्तिचित्रांशी साम्य असलेली काव्यचित्रे त्या त्या संस्थानाकडे सोपविली. पद्धत काटेकोर होती. तिच्या मुळाशी असलेले गृहीत मात्र तपासलेले नव्हते. एका राजाच्या राज्यात एक शैली, हे ते गृहीत. ही संस्थाने एकमेकांपासून किती दूर होती? बसोहली, नूरपूर, गुलेर, जसरोटा ह्यांतील अंतरे काही दिवसांच्या पायी वाटचालीची. राजघराण्यांत सोयरिकी होत्या, भांडणे होती, भेटवस्तूंची देवघेव होती. अशा मुलखात शैली मात्र राज्याच्या सीमेवर येऊन थांबत असेल, हे मानणे कठीण आहे.

३. स्थळाऐवजी घराणे

ह्या गृहीताला निर्णायक धक्का बी. एन. गोस्वामी ह्यांच्या संशोधनाने दिला. १९६८ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातील लेखात त्यांनी पहाडी चित्रशैलीचा आधार संस्थान नसून चित्रकाराचे कुटुंब आहे, असे प्रतिपादन केले. त्यांची साधने चित्रांच्या बाहेरची होती. तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांमध्ये यात्रेला आलेल्या कुटुंबांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्या साधनाचे स्वरूप सांगावयास नको. हरिद्वार येथील अशा वह्यांमधून गोस्वामी ह्यांनी चित्रकारांची नावे, त्यांची जात, मूळ गाव आणि वंशावळी शोधून काढल्या. गुलेरच्या पंडित सेऊचे कुटुंब, त्याचे पुत्र मानकू आणि नैनसुख व त्यांचे पुढील वंशज ह्यांचे चित्र त्यातून स्पष्ट झाले. जसरोट्याचा बलवंतसिंह वारल्यावर १७६३ मध्ये त्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला आलेल्या मंडळींत नैनसुख होता आणि तेथील वहीत त्याने नोंदीबरोबर एक रेखाचित्रही काढून ठेवले, ही घटना ह्याच शोधात उजेडात आली.

ह्या संशोधनाचा परिणाम एका प्रसिद्ध उदाहरणावरून समजून घेता येतो. १७३० चा निर्देश असलेली 'गीतगोविंदा'ची चित्रमालिका तिच्या सपाट रंगांमुळे आणि मोठ्या डोळ्यांमुळे दीर्घकाळ 'बसोहली' मानली जात होती. तिचा कर्ता मानकू. आणि मानकूचे कुटुंब गुलेरचे. रसमंजरीच्या बाबतीतही असेच झाले. सुमारे १६६० ते १६७० ह्या काळातील पहिल्या आणि सर्वांत तेजस्वी मालिकेचा संबंध आज कृपाल नावाच्या चित्रकाराशी जोडला जातो. देवीदास हा त्याचा मुलगा आणि अठराव्या शतकाच्या आरंभी रसमंजरीची तिसरी मालिका करणारा गोलू हा त्याचा नातू मानला जातो. हे कुटुंब नूरपूरशी निगडित होते. म्हणजे ज्या मालिकांवरून 'बसोहली शैली'ची लक्षणे ठरविली गेली, त्या मालिका एका नूरपूरकर घराण्याच्या तीन पिढ्यांच्या हातच्या आहेत.

चित्रकाराच्या कामाची रीत लक्षात घेतली तर ह्यात आश्चर्य वाटत नाही. कागदाचे थर चिकटवून केलेली वसली, तिच्यावरील पहिली रेखाटणी, त्यावर सफेद्याचा पातळ हात, त्यातून पुन्हा काढलेली पक्की रेषा, रंग भरल्यावर गुळगुळीत दगडाने केलेली घोटाई, आणि शेवटी सोने व अलंकारांचे काम, ही सर्व प्रक्रिया घरातच शिकली जात असे. हिंगूळ, हरताळ, पेवडी, काजळी सिद्ध करण्याच्या कृती वडिलांकडून मुलाकडे जात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाके, म्हणजेच रचनेचे नमुने म्हणून जपलेली रेखाटने, ही कुटुंबाची मालमत्ता असे. चित्रकार दुसऱ्या दरबारात गेला म्हणजे खाक्यांचे गाठोडे त्याच्याबरोबर जाई. राजा बदले, डोळा काढण्याची रीत बदलत नसे.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. हिंदुस्थानी संगीतातील घराण्यांची नावे बहुतांशी स्थळांचीच आहेत. किराणा हे उत्तर प्रदेशातील एक गाव. परंतु ह्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि त्यांची गायकी महाराष्ट्रात व कर्नाटकात बहरली. 'किराणा' हा शब्द ऐकून कोणी तेथील हवापाण्याचा विचार करीत नाही. स्वर लावण्याच्या एका रीतीचा आणि गुरुशिष्यपरंपरेचा विचार करतो. 'बसोहली' हे नावही ह्याच अर्थाने वाचावयास हवे. ते निवासाचे नाव नाही. एका परंपरेला पडलेली ओळख आहे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून 'प्रदेश' वजा करून त्या जागी 'घराणे' घातले की प्रश्न सुटला, असा निष्कर्ष निघू शकेल. तो घाईचा होईल. १७३० चे मानकूचे गीतगोविंद आणि त्याच कुटुंबाच्या पुढच्या पिढीने सुमारे १७७५ मध्ये केलेले गीतगोविंद ही दोन्ही शेजारी ठेवली तर कुटुंब एक, ग्रंथ एक आणि तरीही चित्रे सर्वस्वी निराळी, असे दिसते. पहिल्यात सपाट, ठाम रंगांचे पट आणि मोजकी झाडे; दुसऱ्यात यमुनेचा वळणारा काठ, मऊ प्रकाश आणि दाटलेली वृक्षराजी. मधल्या पंचेचाळीस वर्षांत मोगल रीतीशी झालेला निकट परिचय आणि आश्रयदात्यांची बदललेली रुची ह्यांचा हा परिणाम. घराणे हे शैलीचे भांडवल पुरविते. त्याचा विनियोग कसा होईल हे मात्र घराणे एकटे ठरवीत नाही. मग ते कोण ठरविते? ह्याचे उत्तर मिळविण्यासाठी चित्रांकडून पुन्हा श्लोकांकडे वळले पाहिजे.

४. श्लोक आणि चित्र

रसमंजरीतील गुप्ता नायिकेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. परकीया नायिकेच्या अंगावर नखक्षते आहेत. ती सखीजवळ तक्रार करते की सासू रागावली तरी हरकत नाही, पण त्या घरात आता झोपावयाचे नाही. उंदरावर झेप घेणाऱ्या मांजरीने आपली नखे तिला लावून तिची दुर्दशा केली आहे. श्लोकात मांजर कोठेही प्रत्यक्ष नाही. ती नायिकेच्या बोलण्यात आहे, आणि बोलणे खोटे आहे. श्लोकाचे सारे सौंदर्य वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ ह्यांतील ह्या अंतरात आहे. वाचकाला कळते ते न बोललेले.

चित्रकारापुढील अडचण येथे उघड होते. चित्राला 'असे ती म्हणते' हे सांगण्याची सोय नाही. चित्रात जे दिसते ते असते. बसोहलीच्या रसमंजरीत मांजर आणि उंदीर प्रत्यक्ष रंगविलेले आहेत. नायिका आणि सखी जितक्या खऱ्या तितकेच तेही खरे. केवळ चित्र पाहणाऱ्याला नायिकेच्या म्हणण्यावर अविश्वास दाखविण्याचे कारणच राहत नाही. चित्रकाराने श्लोकाचा अर्थ गमावला, असे ह्यावरून म्हणावयाचे का? तसे म्हणता येत नाही. कारण हे पान केवळ पाहण्यासाठी केलेले नव्हते. पहिल्या मालिकेत पानाच्या दर्शनी बाजूस टाकरीत नायिकाभेदाचा निर्देश आणि मागील बाजूस संस्कृत श्लोक अशी योजना आढळते. चित्र पाहावयाचे, नाव वाचावयाचे, पान उलटून श्लोक वाचावयाचा आणि पुन्हा चित्राकडे यावयाचे, असा हा क्रम. पहिल्यांदा खरी वाटलेली मांजर दुसऱ्यांदा खोटी ठरते. नायिकेने सखीला जसे फसविले तसे चित्राने प्रेक्षकाला फसविले. आणि श्लोकाने ते उघडकीस आणले. व्यंजना चित्रात नसली तरी चित्र आणि श्लोक ह्यांच्यामधील पान उलटण्याच्या क्रियेत ती आहे.

मेवाडची रीत ह्याहून वेगळी होती. राणा जगतसिंहाच्या काळात (१६२८-५२) साहिबदीन ह्या चित्रकाराने 'गीतगोविंद' (१६२९), 'रसिकप्रिया', 'भागवत' (१६४८) आणि 'रामायणा'चा काही भाग रंगविला. त्याच्या भागवताची प्रत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे, आणि १६४९ ते १६५३ ह्या काळात सिद्ध झालेल्या मेवाडी रामायणाचा काही भाग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ह्या परंपरेतील काव्यचित्रांत छंद बहुधा चित्राच्या माथ्यावरील पिवळ्या पट्टीत काळ्या शाईने लिहिलेला असतो. शब्द आणि रूप एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. चित्राचे क्षेत्र रंगीत खंडांत विभागलेले असते आणि एकच व्यक्ती निरनिराळ्या खंडांत पुनःपुन्हा दिसते. त्यामुळे आधीचा प्रसंग, निरोप आणि नंतरची भेट अशी काळाची साखळी एका पानात मावते. बसोहलीच्या पानावर एक क्षण असतो, मेवाडच्या पानावर एक वृत्तांत. ह्या भेदाला रंगरेषांतील भेद म्हणून भागत नाही. तो वाचनाच्या रीतीतील भेद आहे. आणि 'शैली' ह्या शब्दात ह्या रीतीचाही समावेश केला पाहिजे.

५. नायक कोण?

वाचनाच्या रीतीचा सर्वांत निर्णायक पुरावा नायकाच्या आकृतीत मिळतो. रसमंजरीतील बहुतेक उदाहरणश्लोकांत नायक निनावी आहे. तो एक प्रकार आहे. अनुकूल, दक्षिण, धृष्ट किंवा शठ. कृपालच्या नावाशी जोडलेल्या पहिल्या मालिकेत मात्र हा नायक निळ्या अंगकांतीचा, पीतांबर नेसलेला, मुकुटधारी कृष्ण आहे. संहितेत नसलेला कृष्ण तेथे कोठून आला? ह्याचे उत्तर ब्रजभाषेतील समकालीन काव्यात आहे. केशवदासाने १५९१ मध्ये ओरछा येथे रचलेल्या 'रसिकप्रिये'त नायिकाभेदाची सारी चौकट राधाकृष्णांवर बसविलेली आहे. सतराव्या शतकातील दरबारी रसिकाला नायक म्हटला की कृष्ण दिसावा, इतका हा संस्कार खोल गेला होता. पहाडातील चित्रकाराने संस्कृत ग्रंथ ब्रजच्या डोळ्यांनी वाचला. शास्त्रातील प्रकार त्याने भक्तीच्या कक्षेत नेला. आणि परकीयेचे चौर्य हे लौकिक व्यभिचार न राहता लीला झाले.

आता १६९४-९५ ची देवीदासाची मालिका पाहिली तर तिच्यात कृष्णाची जागा एका लौकिक पुरुषाने घेतलेली दिसते. दरबारी पोशाख केलेला हा नायक कोणीही उमराव असू शकेल. देवाचे चित्रण ह्या मालिकेत नाही असे नव्हे. शिवपार्वती सारीपाट खेळत असल्याचे तिचे पान प्रसिद्ध आहे, आणि त्यात पार्वतीकडून जिंकलेला हार हाती धरलेला शिव व तो परत मागणारी पार्वती ह्यांच्यात कोणत्याही गृहस्थाच्या घरातील लटके भांडण रंगविले आहे. परंतु तेथे देव आहेत ते श्लोकाच्या सांगण्यावरून. जेथे श्लोक देवाचे नाव घेत नाही तेथे देवीदासही घेत नाही. एका अर्थी त्याने ग्रंथाचे मूळ निनावीपण परत आणले.

ह्या बदलाचे महत्त्व पद्धतीच्या दृष्टीने मोठे आहे. पिता आणि पुत्र ह्यांचे घराणे एक, ग्रंथ एक, डोळा व रंग घडविण्याची रीत जवळजवळ एक. तरीही नायक बदलला आणि नायकाबरोबर प्रत्येक चित्राचा अर्थ बदलला. हा बदल ना प्रदेशाने समजतो ना घराण्याने. तो एका विशिष्ट दरबारात, एका विशिष्ट आश्रयदात्यासाठी केलेल्या नव्या वाचनाने समजतो. दरबाराचे महत्त्व येथे आहे. दरबार ही रंगरेषा जन्माला घालणारी भूमी नसून ग्रंथ कसा वाचावयाचा हे ठरविणारी सभा आहे. पंडित, राजा आणि चित्रकार ह्यांच्या संवादात अर्थ निश्चित होई. आणि मग घराण्याकडील खाके त्या अर्थाला रूप देत.

६. औरंगाबादची प्रत

ह्या निष्कर्षाची कसोटी १६५० च्या औरंगाबाद येथील रसमंजरीवर घेता येते. ही सचित्र प्रत मेवाडच्या शक्तावत कुळातील एका सरदारासाठी तयार झाली. सरयू दोशी ह्यांनी १९७२ मध्ये तिचा परिचय करून दिला. चित्रांची मूळ धाटणी राजस्थानी आहे, आणि त्याबरोबर वेशभूषा व सजावट ह्यांत दख्खनी चित्रांची चिन्हे मिसळलेली आहेत.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले हे शहर निजामशाहीच्या १६३६ मधील अस्तानंतर मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. राजपूत सरदार आपल्या फौजा घेऊन तेथे वर्षानुवर्षे राहिले. बिकानेरचा राव करणसिंह ह्याच्या नावाचे करणपुरा आणि मारवाडच्या जसवंतसिंहाच्या नावाचे जसवंतपुरा हे भाग त्या मुक्कामाची साक्ष देतात. हे सरदार केवळ लढत नव्हते; ते पोथ्या लिहवून घेत होते, विकत घेत होते, चित्रे काढवीत होते. करणसिंहाचा पुत्र अनूपसिंह ह्याने दख्खनच्या दीर्घ वास्तव्यात गोळा केलेला ग्रंथसंग्रह बिकानेरला गेला आणि बिकानेरच्या चित्रांवर दख्खनी छाया दिसू लागली, हे सर्वज्ञात आहे.

अशा परिस्थितीत १६५० च्या प्रतीला कोणत्या शैलीची म्हणावयाचे? आश्रयदात्यावरून ती मेवाडी, स्थळावरून ती दख्खनी, संहितेवरून मैथिल. स्थळनिष्ठ वर्गीकरणात तिला निश्चित घर मिळत नाही. राजस्थानी चित्रांच्या इतिहासात ती परिशिष्टात येते आणि दख्खनी चित्रांच्या इतिहासातही परिशिष्टातच; कारण दख्खनी चित्रकलेचे वर्गीकरण अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडे अशा सुलतानी राजधान्यांवर बेतलेले आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाच्या स्तुतिपर 'तारीफ-इ-हुसेनशाही' ह्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील सचित्र हस्तलिखिताला त्यात सन्मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु फौजेच्या मुक्कामी तयार झालेल्या पोथीला त्यात जागा नाही. एका राज्याची एक शैली, ह्या गृहीताची ही किंमत आहे; आणि मराठी मुलखाच्या सांस्कृतिक इतिहासाला ती विशेषेकरून मोजावी लागते. सतराव्या शतकातील मराठवाडा हा जाणाऱ्या-येणाऱ्यांचा प्रदेश होता. तेथे संस्कृत, ब्रज, फारसी, दखनी आणि मराठी ह्या भाषा एकाच बाजारपेठेत ऐकू येत. ज्या गोष्टी अशा सरमिसळीत घडल्या त्या राजधान्यांच्या यादीत सापडत नाहीत आणि म्हणून घडल्याच नाहीत असे वाटू लागते.

७. समारोप

वरील विवेचनातून दरबारी चित्रशैलींच्या प्रादेशिकतेविषयी तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शैलीच्या नावातील स्थळ हे बहुधा संशोधनाच्या इतिहासातून आलेले असते. ते ओळखीसाठी वापरावे, कारण म्हणून वापरू नये. दुसरी, रंग, रेषा आणि आकृती घडविण्याचे कसब कुटुंबाच्या परंपरेतून वाहते आणि चित्रकाराबरोबर प्रवास करते. तिसरी, त्या कसबाला अर्थ देणारे वाचन दरबारात घडते आणि ते पिढीगणिक, आश्रयदात्यागणिक बदलू शकते. म्हणून कोणत्याही काव्यचित्राचा विचार करताना संहिता कोणती, हात कोणाचा आणि सभा कोणाची, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. 'प्रदेश' हे ह्या तिन्ही उत्तरांच्या संगमाला दिलेले नाव आहे.

साहित्याच्या अध्यापनाशी ह्याचा निकटचा संबंध आहे. वर्गात नायिकाभेद शिकविताना पहाडी किंवा मेवाडी चित्र दाखविण्याचा प्रघात आहे आणि तो स्वागतार्ह आहे. मात्र असे चित्र बहुधा श्लोकाची शोभा म्हणून दाखविले जाते. वास्तविक ते श्लोकाच्या ग्रहणाचा दस्तऐवज असते. रसमंजरी सतराव्या शतकात कोणी कशी वाचली, ह्याची टीकाग्रंथांत न मिळणारी उत्तरे कृपालच्या कृष्णात, देवीदासाच्या उमरावात आणि नायिकेच्या खोट्या मांजरीत मिळतात. संस्कृत टीकाकार श्लोकावर भाष्य लिहीत, चित्रकार रंगांनी करीत. आणि कित्येकदा चित्रकाराचे भाष्य अधिक धीट असे. त्या भाष्यावर केवळ गावाचे नाव लिहून ते बासनात ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. औरंगाबादच्या पोथीसारखी जी पाने कोणत्याही गावाच्या नावाखाली बसत नाहीत त्यांच्यापासून अभ्यासाचा आरंभ केला, तर बसलेल्या पानांचेही खरे स्वरूप दिसू लागेल.